"कॅपमध्ये जागाच नाही" म्हणे! मुरलेला क्वार्टरबॅक आणि एनएफएलचा हिशेब

चौथा_डाव (धागाकर्ता)

फेब्रुवारी सरत आला की एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) गप्पांत एक वाक्य ठरलेलं असतं: "कॅपमध्ये जागाच नाही, एवढा महागडा क्वार्टरबॅक आणणार कुठून?" (कॅप म्हणजे टीमने वर्षाला खेळाडूंवर किती खर्च करायचा याची लीगने ठरवलेली मर्यादा; क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा मुख्य खेळाडू.) आणि पंधरवडा उलटायच्या आत तीच टीम कुणालातरी वर्षाला ३० मिलियन कबूल करून मोकळी होते. इथे फक्त एवढंच बोलू: दुसऱ्या टीममधून सुटलेला, वय झालेला क्वार्टरबॅक घ्यायचा तर 'जागा' म्हणजे नेमकं काय लागतं, ती कशी काढतात आणि बिल कधी येतं. कोण अजून खेळू शकतो आणि कोण संपला, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

आकडे सगळे मिलियन डॉलरमध्ये. '२५' लिहिलं की अडीच कोटी डॉलर समजा.

आधी पाया. १९९४ मध्ये कॅप आली तेव्हा ती ३४.६ होती. २०२३ ला २२४.८, २०२४ ला २५५.४, २०२५ ला २७९.२. मार्चच्या मध्याला न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचे ४ वाजले की नवं लीग-वर्ष लागतं, आणि त्या क्षणी प्रत्येक टीम कॅपच्या आत असावीच लागते. आदल्या वर्षीची न वापरलेली जागा पुढे नेता येते, म्हणून प्रत्येक टीमची खरी मर्यादा वेगळी निघते. शिवाय मार्चपासून सीझन लागेपर्यंत डेड मनी (सोडलेल्या खेळाडूचे वहीत उरलेले पैसे) मोजतातच, पण हाताशी असलेल्यांतले सगळ्यात महागडे ५१ खेळाडूच पूर्ण मोजतात. म्हणजे १० चा क्वार्टरबॅक घेतला की जागा पूर्ण १० ने घटत नाही, ९ च्या आसपास घटते. आतला ५१ वा माणूस यादीबाहेर घसरतो ना!

माझं म्हणणं असं, की वेबसाइटवर दिसणारा 'उपलब्ध जागा' हा आकडा क्वार्टरबॅकच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे. बघायचं ते गॅरंटी (खेळाडू काढला तरी द्यावेच लागणारे पैसे) किती आणि बाहेर पडायचा खर्च किती.

---

मृण्मयी_आर

रुमाल टाकून ठेवते. जून १ वर सविस्तर लिहायचं आहे.

---

नवशिका_फॅन

आयपीएलची पर्स असते तसंच ना हे? १२० कोटी मिळाले, त्यातले २७ ऋषभ पंतला गेले की उरले ९३. मग जागा नसताना घेणार कसं?

---

हिशेबनीस

@नवशिका_फॅन, सगळी मेख तिथेच आहे. आयपीएलमध्ये ज्या वर्षाची किंमत त्याच वर्षी पर्समधून वजा होते. इथे पगार त्याच वर्षी मोजतात, पण साइनिंग बोनस (सही केल्याबद्दल मिळणारी रक्कम) कराराच्या वर्षांवर समान वाटून मोजतात, जास्तीत जास्त ५ वर्षांवर. रोख पैसे मात्र खेळाडूच्या हातात लवकरच पडतात. म्हणजे रोख एक आणि कॅपच्या वहीतला आकडा दुसरा.

आता एक काल्पनिक करार मांडतो. टीमकडे जागा ९. क्वार्टरबॅकला हवेत २ वर्षांचे ४०, त्यातले २५ गॅरंटीचे, आणि पहिल्या वर्षी हातात २०.

सरळ पद्धत: पहिल्या वर्षी बेस सॅलरी किमान ठेवायची. सात किंवा जास्त वर्षं झालेल्याची २०२५ ची किमान सॅलरी १.२५५. उरलेले १८.७४५ साइनिंग बोनस. दोन वर्षांवर वाटले की वर्षाला ९.३७. पहिल्या वर्षाचा कॅप हिट (त्या वर्षी कॅपमध्ये मोजला जाणारा आकडा) १०.६३. जागा ९, म्हणजे बसत नाही.

व्हॉइड वर्षं लावून: करारापुढे ३ नावापुरती वर्षं जोडायची. त्या वर्षांत तो खेळणार नसतो, ठरलेल्या तारखेला ती आपोआप रद्द होतात. आता तोच बोनस ५ वर्षांवर, वर्षाला ३.७५. पहिल्या वर्षाचा कॅप हिट ५.००. बसला, वर ४ शिल्लक.

दुसऱ्या वर्षी बेस २० (त्यातले ५ गॅरंटीचे) अधिक बोनसचे ३.७५, म्हणजे २३.७५. तो आवडला नाही आणि मार्चमध्ये काढला तर? उरलेल्या चार वर्षांचा बोनस एकदम अंगावर, १५.००, त्यात गॅरंटीचे ५. डेड मनी २०.०० आणि वाचले फक्त ३.७५. खेळाडू घरी आणि २० वहीत, असा हा प्रकार.

---

वाइल्डकार्ड

मग प्रत्येक टीम प्रत्येक करारात व्हॉइड वर्षं का घालत नाही? तुमच्या हिशेबाने तर फुकटचं कर्ज आहे हे. कॅप दर वर्षी वाढतेच आहे.

---

हिशेबनीस

दर वर्षी वाढतेच असं नाही. २०२० ला १९८.२ होती ती २०२१ ला १८२.५ वर आली, कोविडमुळे मैदानं रिकामी राहिली म्हणून. ज्यांनी बिलं पुढे ढकलली होती त्यांची त्या मार्चमध्ये त्रेधा उडाली. सेंट्सच्या ड्रू ब्रीसने २०२१ चा २५ चा पगार कापून किमानावर, १.०७५ वर आणला. निवृत्ती मार्चमध्ये जाहीर झाली, पण कागदोपत्री ती जून १ नंतर नोंदवली, म्हणजे बोनसचे उरलेले २२.६५ एकाच वर्षी न पडता २०२१ मध्ये ११.१५ आणि २०२२ मध्ये ११.५ असे पडले.

आणि दुसरं कारण साधं आहे: मालकाच्या खिशातली रोख. बोनस म्हणजे आत्ता चेक फाडणं. पुढच्या वर्षांच्या मोठ्या गॅरंटीसाठी आधीच पैसे बाजूला जमा करायचा लीगचा नियमही आहे. वहीत जागा काढता येते, तिजोरीत नाही. म्हणून "कॅपमध्ये बसत नाही" ऐकलं की बऱ्याचदा "द्यायची इच्छा नाही" असं वाचावं.

---

चौथा_डाव

इथे एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. स्वस्तातल्या अनुभवी क्वार्टरबॅकला गिऱ्हाईक कोण? ज्या टीमच्या वहीत आधीच्या क्वार्टरबॅकचा डेड मनी बसलाय, ती. गेल्या काही वर्षांतली उदाहरणं बघा:

२०२२ फाल्कन्स: मॅट रायनला कोल्ट्सकडे दिला, डेड ४०.५. घेतला मार्कस मारिओटा, २ वर्षं १८.७५.

२०२३ बकनियर्स: टॉम ब्रेडी निवृत्त, व्हॉइड वर्षांचे ३५.१ एकदम. घेतला बेकर मेफिल्ड, १ वर्ष, ४ (बक्षिसं धरून ८.५ पर्यंत).

२०२४ व्हायकिंग्ज: कर्क कझिन्सचा करार व्हॉइड झाला, २८.५. घेतला सॅम डार्नल्ड, १ वर्ष, १०.

मेफिल्डने त्या वर्षी डिव्हिजन (गट) जिंकून दिली आणि प्लेऑफमध्ये ईगल्सना ३२-९ ने घरी पाठवलं. पुढच्या मार्चमध्ये ३ वर्षं १००. डार्नल्डची टीम १४ सामने जिंकली, ३ हरली. पुढच्या मार्चमध्ये सीहॉक्सकडून ३ वर्षं १००.५. म्हणजे एक वर्ष कमी पैशांत खेळून पुढचा मोठा करार, हा अनुभवी क्वार्टरबॅकचा ठरलेला रस्ताच झालाय, आणि तो रस्ता मोकळा केला आधीच्या माणसाच्या थकबाकीने.

---

वाइल्डकार्ड

यादी बरी आहे, पण निवडून घेतलेली वाटते. पॅकर्सवर २०२३ ला जेट्सकडे गेलेल्या आरन रॉजर्सचे ४०.३ होते, त्यांनी कुणी अनुभवी आणला नाही, जॉर्डन लव्हला उभा केला. ब्रॉन्कोजवर २०२४ ला सोडलेल्या रसेल विल्सनचे ५३, त्यांनी बो निक्सला ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंची क्रमाने होणारी निवड) १२ व्या क्रमांकावर घेतला. डेड मनी असला की रूकीच्या (ड्राफ्टमधून आलेल्या नव्या पोराच्या) स्वस्त कराराकडे वळायचं, हाही तेवढाच ठरलेला रस्ता.

---

चौथा_डाव

मान्य, दोन्ही रस्ते स्वस्त क्वार्टरबॅककडेच जातात. ज्याच्याकडे आधीपासून पोरगा तयार आहे किंवा वरचा पिक (ड्राफ्टमधली निवडीची पाळी) आहे तो रूकीकडे, नाही तो बाजारात. ब्रॉन्कोजनी निक्सबरोबर झॅक विल्सनही घेतला होता, आणि त्याच्या पगाराचा वाटा जेट्सनी उचलला.

---

टक्केवारी_भाऊ

डॉलरमध्ये तुलना करू नका, कॅपच्या टक्क्यांत करा. रायन २०२२: २०८.२ पैकी ४०.५, म्हणजे १९.५%. रॉजर्स-पॅकर्स २०२३: १७.९%. ब्रेडी २०२३: १५.६%. रसेल विल्सन २०२४: २०.८%. कझिन्स-व्हायकिंग्ज २०२४: ११.२%. आकड्याने रायन आणि रॉजर्स सारखेच दिसतात, पण फाल्कन्सना जास्त लागलं. आणि २०२४ ला कॅप एकदम ३०.६ ने वाढली नसती तर व्हायकिंग्जना डार्नल्डबरोबर बाकीची टीमही उभी करता आली असती का, शंकाच आहे.

---

मृण्मयी_आर

आता जून १. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून पायऱ्यांनी.

खेळाडू जून १ पर्यंत काढला तर बोनसचे उरलेले सगळे हप्ते त्याच वर्षी पडतात. नंतर काढला तर चालू वर्षाचा हप्ता या वर्षी, बाकीचे पुढच्या वर्षी.

मार्चमध्येच काढून 'जून १ नंतरचा' असा शिक्का मारता येतो, पण टीमला वर्षाला असे दोनच शिक्के.

शिक्का मारला तरी जून २ पर्यंत त्याचा जुना पूर्ण कॅप हिट वहीत तसाच राहतो. म्हणजे मार्चच्या खरेदीला या जागेचा उपयोग शून्य! ती जागा उन्हाळ्यात रूकींचे करार आणि उशिरा घेतलेल्या खेळाडूंना उपयोगी पडते. "अमक्याला जून १ नंतर काढा आणि त्या पैशांत क्वार्टरबॅक आणा" हे मार्चमध्ये कुणी म्हणालं तर त्याला हे दाखवा.

ट्रेडवर हा शिक्का मारता येत नाही. फायदा हवा तर ट्रेड खरोखरच जून १ नंतर करावा लागतो. पॅकर्सनी रॉजर्सला एप्रिल २०२३ मध्ये पाठवला, म्हणून सगळे ४०.३ त्याच वर्षी पडले. जेट्सनी मात्र २०२५ ला त्याला सोडताना शिक्का वापरला: एकूण ४९, त्यातले १४ त्या वर्षी, ३५ पुढच्या वर्षी.

हिशेबनीसांच्या काल्पनिक कराराला लावून बघा. दुसऱ्या वर्षी शिक्का मारून काढला तर ३.७५ अधिक गॅरंटीचे ५, म्हणजे ८.७५ त्या वर्षी आणि ११.२५ पुढच्या. वाचले १५, पण जून २ ला.

---

नवशिका_फॅन

मृण्मयीताई, मस्त समजावलंत. एक शंका: रसेल विल्सनवर ब्रॉन्कोजनी एवढे पैसे घालवले तर स्टीलर्सना तो १.२१ ला कसा मिळाला? एवढ्यात तर बॅकअपही येत नाही.

---

हिशेबनीस

ऑफसेट. ब्रॉन्कोजनी मार्च २०२४ मध्ये त्याला सोडला तेव्हा त्या वर्षाच्या ३९ ची गॅरंटी होती. करारात ऑफसेटचं कलम असलं की नवी टीम जेवढे देईल तेवढे जुन्या टीमचे कमी होतात. स्टीलर्सनी १.२१ दिले, ब्रॉन्कोजनी ३७.७९. स्टीलर्सनी १० दिले असते तर ब्रॉन्कोजनी २९ दिले असते आणि विल्सनच्या खिशात एकूण तेच ३९. मग त्याने नव्या टीमकडे जास्त मागायचं कशाला? किमान पगारावर सही करून ती जागा इतर खेळाडूंना ठेवायला लावणं त्याच्याही फायद्याचं. डेड मनी एकूण ८५ पडला, २०२४ ला ५३ आणि २०२५ ला ३२.

अजून एक बारकावा: टीमने सोडलेला खेळाडू कॉम्पेन्सेटरी पिकच्या (खेळाडू गमावल्याच्या भरपाईचा जादा ड्राफ्ट पिक) गणितात धरत नाहीत, करार संपून सुटलेला धरतात. म्हणून सोडलेला क्वार्टरबॅक घेताना पुढच्या वर्षीचा पिक हातचा जात नाही. ज्या टीमचे स्वतःचे दोन-तीन खेळाडू बाहेर गेलेत, त्या टीमला हा फरक चांगलाच जाणवतो.

---

वाइल्डकार्ड

विल्सनला नेमका तेव्हाच का सोडला, तेही लिहा. २०२४ च्या लीग-वर्षाच्या पाचव्या दिवशी तो टीममध्ये असता तर २०२५ चे ३७ गॅरंटीचे झाले असते. क्वार्टरबॅकच्या करारात पगाराइतक्याच या तारखा महत्त्वाच्या असतात.

---

चौथा_डाव

अगदी. त्या तारखांचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे फाल्कन्स-कझिन्स, मार्च २०२४. ४ वर्षं १८०, गॅरंटी १००. मांडणी अशी:

साइनिंग बोनस ५०, चार वर्षांवर १२.५ प्रमाणे.
२०२४: बेस १२.५. कॅप हिट २५.
२०२५: बेस २७.५, पूर्ण गॅरंटी. कॅप हिट ४०.
२०२६ आणि २०२७: प्रत्येकी बेस ३५ आणि रोस्टर बोनस (टीममध्ये असल्याबद्दलचा) १०. कॅप हिट ५७.५ आणि ५७.५.

पहिलं वर्ष २५ ला बसवलं म्हणून 'जागा' निघाली. आता २०२५ च्या मार्चमध्ये उभे राहा. आठव्या पिकवर घेतलेला मायकेल पेनिक्स सुरुवातीला खेळवायचा ठरलाय. कझिन्सला काढला तर बोनसचे उरलेले ३७.५ आणि बेसचे २७.५, डेड ६५. ठेवला तर ४०. शिक्का मारून काढला तर या वर्षी तेच ४०, वर पुढच्या वर्षी २५. आणि लीग-वर्षाच्या पाचव्या दिवशी, १७ मार्चला, तो टीममध्ये असला की २०२६ चा १० चा रोस्टर बोनसही गॅरंटीचा. ही तारीख गेली, त्यांनी त्याला ठेवला. बाकावर बसवून.

ट्रेडचं म्हणाल तर घेणाऱ्या टीमला फक्त २७.५ चा बेस आणि तो १० चा बोनस दिसतो, साइनिंग बोनसचे हप्ते देणाऱ्याच्याच गळ्यात राहतात. पण बॅकअपच्या दर्जाच्या माणसाला ३७.५ कोण देणार? अशा वेळी देणाऱ्याला त्यातला वाटा उचलावा लागतो, नाहीतर पिक जोडून द्यावा लागतो.

---

जुना_खेळिया

पिक जोडून देणं म्हणजे ऑस्वायलर! टेक्सन्सनी २०१६ ला ब्रॉक ऑस्वायलरला ४ वर्षं ७२ दिले, गॅरंटी ३७. एका वर्षात नकोसा झाला. मार्च २०१७ मध्ये ब्राउन्सना ऑस्वायलर अधिक २०१८ चा दुसऱ्या फेरीचा पिक अधिक एक सहाव्या फेरीचा, आणि बदल्यात फक्त चौथ्या फेरीचा. ब्राउन्सनी १६ चा गॅरंटी पगार डोक्यावर घेतला आणि सीझनआधी त्याला सोडूनही दिला. १६ ला दुसऱ्या फेरीचा पिक विकत घेतला म्हणा. मोकळी जागा क्वार्टरबॅक घ्यायलाच लागते असं नाही, दुसऱ्याचा क्वार्टरबॅक उतरवून घ्यायलाही लागते.

---

नवशिका_फॅन

मेफिल्डचे '४, पण ८.५ पर्यंत', रॉजर्सचे स्टीलर्सकडे '१३.६५, पण १९.५ पर्यंत'. हा 'पर्यंत' कॅपमध्ये कुठे मोजतात?

---

हिशेबनीस

नियम असा: जे बक्षीस मागच्या वर्षीच्या कामगिरीवर मिळालं असतं ते 'मिळण्याची शक्यता आहे' म्हणून लगेच कॅपमध्ये धरतात. जे मागच्या वर्षी मिळालं नसतं ते आत्ता धरत नाहीत. सीझनमध्ये ते मिळालं तर पुढच्या वर्षीच्या कॅपमधून वजा करतात.

म्हणून मागच्या वर्षी जखमी असलेला किंवा बाकावर बसलेला क्वार्टरबॅक सोयीचा. त्याचे स्नॅप (प्रत्यक्ष मैदानात खेळलेले डाव) कमी, म्हणून "७०% स्नॅप खेळला तर इतके, प्लेऑफ गाठली तर तितके" अशी बक्षिसं आत्ता फुकट बसतात. फसगत कुठे होते? तो चांगला खेळला की पुढच्या मार्चमध्ये आधीच ४-५ कमी असतात आणि नेमका तेव्हाच त्याला मोठा करार द्यायचा असतो. हे बाजूला काढून ठेवलं नसेल तर बोंब.

किमान पगाराच्या एक वर्षाच्या करारात आणखी एक सवलत आहे: २०२५ मध्ये जुन्या खेळाडूला १.२५५ मिळतात, पण कॅपमध्ये दोन वर्षं झालेल्याचा किमान पगार, १.०३, एवढाच मोजतात. अट अशी की वर बोनस अगदी नाममात्रच देता येतो. ही सवलत म्हाताऱ्यांना बाजूला सारून सगळ्यांनी पोरंच घेऊ नयेत म्हणून आहे.

---

मृण्मयी_आर

ऑगस्टचा हिशेब राहिला. मार्चमध्ये ६ शिल्लक ठेवले म्हणून निवांत बसू नका. सीझन लागला की ५१ चे ५३ होतात, जखमी यादीवरचे सगळे पूर्ण पगाराने मोजतात, आणि प्रॅक्टिस स्क्वॉड (सरावासाठी ठेवलेले जादा खेळाडू) वेगळा. २०२५ चा किमान दर आठवड्याला १३,००० डॉलर, १६ जण, १८ आठवडे: ३.७४. दोन जादा खेळाडू किमान ०.८४ प्रमाणे १.६८. इथेच ५.४ गेले, अजून कुणी जखमी झालेलं नाही.

क्वार्टरबॅकच जखमी झाला तर त्याचा पगार वहीत तसाच राहून दुसरा आणायचा असतो. रॉजर्स २०२३ ला जेट्सकडे चार स्नॅपनंतर जखमी होऊन बाहेर गेला, पण कॅपमधून गेला नाही. म्हणून सप्टेंबरात हाताशी ५-६ तरी हवेत, नाहीतर कुणाचा तरी पगार बोनसमध्ये फिरवून जागा काढावी लागते. बऱ्याच करारांत त्यासाठी खेळाडूची परवानगीही लागत नाही, कलम आधीच घातलेलं असतं.

---

जुना_खेळिया

सप्टेंबरात अनुभवी माणूस घ्यायचा तर पहिला सामना होऊ द्या. चार किंवा जास्त वर्षं झालेला खेळाडू पहिल्या आठवड्याला यादीत असेल तर नंतर काढला तरी त्या वर्षाच्या पूर्ण पगारावर दावा करू शकतो. दुसऱ्या आठवड्यात सही झाली तर पगार आठवड्याच्या हिशेबाने, १८ पैकी १७ भाग, आणि नको झाला की सोडता येतो.

---

वाइल्डकार्ड

आणि मधेच ट्रेडने आणला तर? बेंगल्सनी ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्राउन्सकडून जो फ्लॅकोला घेतलं, त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो जखमी झाल्यावर.

---

हिशेबनीस

तसंच. उरलेल्या आठवड्यांचा बेस नव्या टीमवर, झालेले आठवडे आणि बोनसचे हप्ते जुन्या टीमवर. म्हणून ज्याच्या करारात बोनस जास्त आणि बेस किमान आहे असा क्वार्टरबॅक ऑक्टोबरात घेणाऱ्याला जवळजवळ फुकट पडतो. देणारा मात्र त्या बदल्यात पिक मागतो, आणि तिथे घासाघीस होते. मुदत नवव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारपर्यंत.